शनिवारच्या कॅप्सूल

जुळे सोलापूर
३ नोव्हेंबर २०२५

श्रावणी,

पाकिटावर ‘शाळेचे कागद’ असं मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलंय. तुझ्या आईनं उघडू नये म्हणून. आत शाळेचा एकही कागद नाही, शोधत बसू नको.

फोन का नाही केला म्हणशील. मला ऐकू कमी येतं आणि ज्याला ऐकू कमी येतं तो ओरडून बोलतो, हे तुला सांगायला नको. परवा तुझ्या शाळेतल्या मोठ्या बाईंचा फोन आला, श्रावणी मॅडम कधी येणार म्हणून. मी म्हणाले, “भाऊबीजेला गेलीया, येईल की!” तर खालून वॉचमन वर बघून विचारतो, “आजी, कोण येणार हाय?” आता अशा आवाजात तुझ्याशी आतलं काय बोलू?

भाऊबीज होऊन गेली, शाळा उघडली, तू आली नाहीस. इंद्रजीतचा फोन उचलत नाहीस. मी म्हटलं, असेल नवरा-बायकोचं रुसणं, दोन दिवसांत निवळेल. पण काल तुझ्या आप्पांचा फोन आला. “बजाबाई, तेवीस तारखेला रविवारी चार मोठी माणसं घेऊन मंगळवेढ्याला या. पोराला बी आणा. बसून काय ते मिटवू.” मी विचारलं, काय मिटवायचंय? म्हणाले, “ते तुमच्या भाच्याला इचारा.”

भाच्याला विचारलं. “आत्या, शप्पत, मला काय बी म्हाईत न्हाय.” इंद्रजीत लहानपणापासून खोटं बोलताना मान खाजवतो. आईविना पोर, मीच वाढवलंय, मला कळतं. त्यानं मान खाजवली. आता उकडत होतं म्हणून खाजवली की काय, ते देव जाणे. पण खाजवली.

माझ्या मनात काय काय येतं ते लिहिते, हसू नको. आधी वाटलं मीच काही बोलले. मग वाटलं समोरच्या अक्कम्मानं काही कान भरले. तिचं तोंड म्हणजे सारखा चालणारा माग, थांबेल तर शपथ. मग आठवलं, पावसाळ्यापासून तू वेगळीच वागत होतीस. न्हाणीत तास तास. चड्ड्या-परकर गॅलरीत न टाकता आतल्या आत वाळवायचीस. खुर्चीवर नीट बसत नव्हतीस, कडेला टेकायचीस. इंद्रजीत आला की हसायचीस, गेला की तोंड सुकायचं. खरं सांगू? मला वाटलं दिवस गेलेत आणि लपवतेस. मग वाटलं दिवस जाऊन काही बरंवाईट झालं. तुझ्या कपाटाला मी हात लावलेला नाही, तेवढी अक्कल आहे मला.

पोरी, बैठक ही गोष्ट लई वाईट. चार माणसं चहा पिऊन बसली की प्रत्येकाला काहीतरी बोलावं लागतं. आणि तिथं बोललेले शब्द परत घरात आणता येत नाहीत. बैठकीआधी मला सांग. मी कुणाच्या बाजूची नाही असं म्हणणार नाही, भाचा माझा आहे. पण तू दोन वर्षं माझ्या शेजारी झोपलीस, तो कुर्डुवाडीच्या वर्कशॉपातनं महिन्यात दोन शनिवार येतो. जास्त कुणाची झाले मी, तूच ठरव.

चार ओळी लिही. जास्त नको.

बजाआत्या

*

जुळे सोलापूर
८ नोव्हेंबर

श्रावणी, माझी बाय,

तुझं पत्र आलं. चारच ओळी म्हटलं होतं, तू चारच लिहिल्यास. “ते आले की मला त्रास होतो. दर वेळी. खाली खाज, आग, दही फुटल्यासारखं पांढरं जातं. कुर्डुवाडीत त्यांचं काय चाललंय ते त्यांनाच विचारा.”

वाचलं आणि तशीच बसले. अक्कम्मा दारातनं म्हणाली, “बजाक्का, दूध उतू चाललंय की वो!” मी म्हटलं जाऊ दे.

मी तुला खोटी म्हणत नाही. बाईला हे लिहायला किती जड जातं ते मला कळतं. आमच्या वेळी तर अंगावरनं जातं एवढंच म्हणायचो आणि पुढं गप. बारा गावच्या बायका गप बसून मेल्या. तू बोललीस, बरं केलंस. पण एवढं सगळं मनात ठेवून माझ्याबरोबर भाकरी खात होतीस?

मग काय, मला राहवलं नाही. काल सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला गेले. इंद्रजीतला सांगितलं नाही. तो वर्कशॉपला, मालकीणबाईंनी खोली उघडून दिली. “आजी, अचानक?” “लोणचं द्यायला आले.” लोणचं नेलंच नव्हतं. त्या बाई माझ्या पिशवीकडं बघत राहिल्या.

खोली बघितली. दोन कप होते. एकट्या माणसाला दोन कप कशाला? कोपऱ्यात आरसा, त्याच्यावर एक टिकली.  मालकीणबाईंना विचारलं, ही कुणाची? म्हणाल्या, आधी एक जोडपं भाड्यानं होतं, त्यांची असेल. असेल म्हणाल्या, आहे म्हणाल्या नाहीत. मी ऐकून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत इंद्रजीत आला. मला बघून दारातच थांबला. “आत्या! काय झालं? श्रावणीला काय झालं?” पहिला शब्द तुझाच निघाला, हे मी नोंदलं. मग मी म्हटलं, “दोन कप कशाला रं?”

“एक चहाचा, एक दाढीचा.”

“टिकली?”

“कसली टिकली?” त्यानं आरशाकडं बघितलं. “मी आरशात तोंड बघतो आत्या, आरसा बघत न्हाय.”

उत्तर सरळ होतं. फार सरळ होतं. सरळ उत्तराचाच मला भरवसा वाटत नाही आजकाल.

तो हात धुवायला गेला तेवढ्यात त्याची बॅग उघडली. आता तू मला काय म्हणशील ते म्हण. आत चड्डी-बनियन, डबा, आणि कप्प्यात कॅप्सूलची पट्टी. अर्धी रिकामी. लाल-पिवळ्या कॅप्सूल.  म्हटलं, याला झालंय. याला काहीतरी झालंय, तो गुपचूप औषध घेतोय आणि माझ्या पोरीला दिलंय.

पट्टी कमरेला खोचली आणि त्याच्यासमोर बसून जेवले. त्यानं मला आपल्या डब्यातली मेथीची भाजी वाढली. 

श्रावणी, तुझा संशय मला खरा वाटायला लागलाय. हे मी लिहीन असं मला आठ दिवसांपूर्वी वाटलं नसतं. पण आप्पांना अजून काही सांगू नको. ही पट्टी कशावरची ते मी आधी विचारून घेते. अक्कम्मा ज्या डॉक्टरीणबाईंकडं जाते, बायकांच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं जाते. तोवर रडू नको. आणि डेटॉल-बिटॉल काही लावत असशील तर बंद कर, मला तुझ्या न्हाणीतला वास आठवतोय.

आत्या

*

जुळे सोलापूर
१३ नोव्हेंबर

श्रावणी,

हे पत्र बसून, शांत, दोनदा वाच. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते मला परत घेता येईल का बघते आहे.

डॉक्टरीणबाईंकडं गेले. नाव नाही सांगितलं तुझं. “बहिणीची लेक” म्हटलं. पट्टी पुढं ठेवली. “बाई, ही गोळी कुठल्या घाण रोगावरची हो?”

त्यांनी चष्मा वर केला. “आजी, ही अँटिबायोटिक आहे. घसा, दात, जखम, ताप, कशालाही देतात. पट्टीवरनं रोग ओळखता येत नाही. त्रास कुणाला आहे?”

“गोळ्या पुरुषाच्या बॅगेत. खाज बाईला.”

“बाईनं यातल्या काही खाल्ल्या का?”

मी म्हणणार होते, तिनं कशाला खाल्ल्या असतील. तेवढ्यात आठवलं. श्रावणी, मला आपला हॉल दिसला. शनिवारची संध्याकाळ, इंद्रजीत दारात चप्पल काढतोय, तुझा आवाज बसलेला. सबंध आठवडा साठ पोरांपुढं ओरडून तुझा घसा दर वेळी फुटतोच. आणि तो म्हणतोय, “काय मास्तरीणबाई, गेला का भोंगा?” आणि खिशातनं पट्टी काढून टेबलावर ठेवतोय. दुसऱ्याचा नवरा गजरा आणतो, हा कॅप्सूल आणतो, असं मीच हसून अक्कम्माला सांगितलं होतं. तू दोन दिवस घ्यायचीस, घसा सुटला की बंद. उरलेल्या पुढच्या वेळेला.

डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं.  मग मला म्हणाल्या, “आजी, शेत आहे का तुमचं?” म्हटलं, होतं. “तणनाशक मारलं आणि चांगलं पीकच जळालं तर पुढं काय होतं?”

“हराळी माजते.”

“तसंच. बाईच्या अंगात त्या जागी चांगले जंतू असतात, ते राखण करतात. ही गोळी घशातले जंतू मारायला जाते, पण तिला घसा कुठला आणि बाकी अंग कुठलं ते कळत नाही. तिथले राखणदारही मरतात. मग तिथं आधीपासून थोडी असलेली बुरशी माजते. यीस्ट म्हणतात. खाज, आग, दह्यासारखं पांढरं. सगळ्या बायकांना होतं असं नाही, पण पुष्कळींना होतं.”

मला हे लई सोपं वाटलं आणि म्हणूनच पटलं नाही. मी सरळ विचारलं, “बाई, तुमी कुणाचा संसार मोडू नये म्हणून गोड बोलताय का?”

त्या हसल्या. “मी संसाराची डॉक्टर नाही हो आजी.” मग हसू आवरून म्हणाल्या, “हे बहुतेक वेळा नवऱ्याकडनं येत नाही. पण मी मुलीला बघितलेलं नाही. अशीच खाज दुसऱ्या कारणानंही येते, त्यातली काही कारणं नवऱ्याकडनंही येतात. तपासल्याशिवाय मी यीस्ट म्हणणार नाही आणि तुम्हीही म्हणू नका. परत परत होतंय म्हणजे साखरही बघायला पाहिजे.” आणि दारापर्यंत गेले तर मागनं हाक मारली. “आजी, साधा घसा बसला तर या गोळीचा उपयोगच नसतो बहुतेक वेळा. तिला सांगा.”

घरी आले आणि तुझं कपाट उघडलं. पहिल्या पत्रात हात लावला नाही म्हटलं होतं. तेव्हा खरं होतं, आता नाही. साड्यांमागं खडूच्या डब्यात पट्ट्या निघाल्या. कापलेल्या, अर्ध्या, दोन-दोन उरलेल्या. सगळ्या त्याच लाल-पिवळ्या.

आता मला एक खरं सांग. खाज सुटली की ‘इन्फेक्शन झालंय’ म्हणून परत याच घेतल्यास ना? कुणाला न विचारता? घेतल्या असशील तर तू विस्तवावर रॉकेल ओतत होतीस, आणि वाटत होतं पाणी मारतेय.

पण बघ, मी अजून खात्रीनं काही म्हणत नाही. मला आता कुणाचीच खात्री वाटत नाही. टिकली तिथं आहेच. डॉक्टरीणबाई चांगल्या वाटल्या, पण मी त्यांना पहिल्यांदाच भेटले. म्हणून तू ये. घरी यायला नको वाटत असेल तर नको येऊ. स्टँडवर उतर, मी तिथं उभी असेन, रिक्षानं दवाखान्यात जाऊ, दुपारच्या गाडीनं परत जा. आईला सांग, शाळेत सही करायला बोलावलंय. तेवीस तारखेच्या आत हे झालं पाहिजे. नाहीतर चार माणसांपुढं तुझे आप्पा एक म्हणतील, आमचे लोक दुसरं म्हणतील. कुणीतरी त्याला बाहेरख्याली म्हणेल. मग आमच्यातला कुणीतरी तुलाच काही म्हणेल. ते ऐकायला मला जिवंत राहायचं नाही.

सोमवारी सकाळी स्टँडवर.

आत्या

*

जुळे सोलापूर
१९ नोव्हेंबर

श्रावणी,

हे स्पीड पोस्टनं टाकतेय, रविवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून. पाकिटावर या वेळी काही लिहिलं नाही. बघू दे तुझ्या आईला.

सोमवारी तू आत तपासायला गेलीस आणि मी बाहेर बाकावर बसले होते. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, आणि दाराला कान लावायला गेले तर नर्सनं बघितलं. त्यामुळं तू बाहेर येऊन जे सांगितलंस तेवढंच मला ठाऊक. यीस्टच निघालं. साखर ठीक आहे. आतनं ठेवायच्या गोळ्या दिल्या, त्या पुऱ्या करायच्या, बरं वाटलं म्हणून मध्ये सोडायच्या नाहीत. डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय दुकानातनं अँटिबायोटिक आणायची नाही, आणि खरंच लागली तर आधी सांगायचं की मला असा त्रास होतो. एवढं मी रिक्षात तुझ्याकडनं दोनदा वदवून घेतलं.

आणि रिक्षात तूच म्हणालीस, “व्हय आत्या, खाज सुटल्यावर बी त्याच घेतल्या. त्यांनी आणलेल्या होत्या, लाजंनं दुकानात तरी कुठं जाऊ?” मग जरा वेळानं, “आजार कळला. तरी मन साफ होत न्हाय.” मी त्या वेळी काही बोलले नाही. रिक्षावाला ऐकत होता, आणि मी बोलले असते तर अख्ख्या सात रस्ता चौकानं ऐकलं असतं.

आता बोलते.

परवा रात्रीच्या गाडीनं मी इंद्रजीतला बोलावून घेतलं आणि त्याच्यापुढं सगळं मांडलं. तुझ्या चार ओळी, माझं कुर्डुवाडीला जाणं, बॅग, पट्टी, डॉक्टरीणबाई. तो ऐकत होता. मान खाजवली नाही.

“अर्ध्या मी खाल्ल्या,” म्हणाला. “दाढ ठणकत हुती. उरलेल्या तिच्या घशाला म्हणून ठेवल्या.” आणि मग, “म्हंजे मीच दिलं तिला. बाईबिईचं न्हवं, पण दिलं मीच की.”

मी म्हटलं, “तू जाणूनबुजून दिलं न्हाईस.”

“तिनं मला ओळखलं न्हाई आत्या. दोन वर्सं.” मग माझ्याकडं बघून, “आणि तू? तू तर मला आंघोळ घालत हुतीस. तू बी माझी बॅग उघडलीस?”

काय सांगू पोरी. मी म्हटलं, “व्हय, उघडली.” त्यानं ताट सरकवलं. अक्कम्मा भांडं परत द्यायला आली होती, ती दारातनंच वळली. ती बाई आयुष्यात पहिल्यांदा न बोलता गेली.

नंतर तो उठून गॅलरीत गेला. मी गेले मागं. म्हणाला, बैठकीला येणार नाही. चार माणसांपुढं मी निर्दोष आहे म्हणायला मी काय चोर आहे? मी म्हटलं, नको येऊ. आणि तुझ्या आप्पांना मी काल फोन केला, एवढंच सांगितलं की बैठक नको, पोरीला तब्येतीचा त्रास होता, औषध चालू आहे, बाकीचं त्या दोघांचं आहे. आप्पा म्हणाले, “म्हंजे तुमच्या पोराचा काय दोष न्हाय?” मी म्हटलं, “मला जेवढं दिसलं तेवढ्यात न्हाय.”  मग म्हणाले, “बजाबाई, एवढं मोठ्यानं नका बोलू, मला ऐकू येतंय.” पण बैठक मोडली.

श्रावणी, मन साफ होत नाही म्हणालीस त्यावर मला उपाय माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं सांगितलं, माणसाचं कोण सांगणार? मी जाऊन बघून आले, मला दोन कप आणि एक टिकली दिसली. खोलीत बाई दिसली नाही. पण मी गेले ते संशय घेऊनच गेले. संशय घेऊन गेलेल्या माणसाला काही दिसलं नाही तर तो म्हणतो, नीट लपवलंय. असं बघायला लागलं की कुणी सुटत नाही. परवा मी डॉक्टरीणबाईंवर, नर्सवर, मालकीणबाईंवर, सगळ्यांवर संशय घेतला. दमले. तू सहा महिने कशी राहिलीस गं असं, एकटी?

मी आता मध्ये नाही. माझ्यानं आणखी पत्रं नेणं-आणणं होणार नाही, मी दोघांचं मिळून तिसरंच काहीतरी सांगते असं मला वाटायला लागलंय. रविवारी चार माणसं येणार नाहीत. इंद्रजीत एकटा येईल, सकाळच्या एसटीनं. त्याला मी काही शिकवून पाठवत नाही. तो तुला विचारणार आहे, मलाच का नाही विचारलंस. तुझ्याकडं काही उत्तर नसेल, तरी हरकत नाही. तुला त्याला जे विचारायचं ते विचार. टिकलीचंही विचार. तो चिडेल. चिडू दे. मग काय ते ठरव. परत यायचं नाही असं ठरलं तरी तुझी शाळेची बॅग मी स्वतः आणून देईन, दुसऱ्या कुणाच्या हातानं पाठवणार नाही.

एकच सांगते. तो येईल तेव्हा तुझी आई पुढं येईल, आप्पा उठतील. त्यांना म्हण, बसा. दार तू उघड.

बजाआत्या